जुनी फियाट घेताय? इंजिनाच्या बाबतीत या चुका टाळा

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पत्र्यावर टिचक्या मारतो, दरवाज्याखालचा गंज बघतो, सीटकव्हरची शिवण तपासतो. बॉनेटही उघडतो. पण इंजिन एका सेल्फला सुरू झालं की खूश होऊन बॉनेट पाडतो. ब्लॉकवरचा नंबर वाचायचा राहतो. मग कधीतरी हेड गॅस्केट बदलायची वेळ येते, आणलेलं गॅस्केट काही केल्या बसत नाही, आणि वागळे इस्टेटमधला मेकॅनिक हात पुसत सांगतो, "साहेब, हे फियाटचं इंजिनच नाय."

चेसिस नंबर जुळला म्हणजे गाडी जुळली, असं समजू नका. इंजिन नंबर बहुतेक वेळा ग्रीस आणि धुळीच्या थराखाली असतो. थोडं डिझेल, वायर ब्रश आणि टॉर्च घेऊनच जा, मोबाइलवर फोटो काढा आणि आरसी, विमा पॉलिसी दोन्हींशी एकेक आकडा जुळवा. सरकारच्या एम-परिवाहन अॅपवर भरवसा ठेवून थांबू नका, तिथे नंबर पूर्ण दिसत नाही. मूळ आरसी हातात घ्या. ब्लॉकला ताजा रंग असेल आणि नंबराच्या जागी घासल्याच्या खुणा असतील, तर टोकन खिशातच राहू द्या.

नंबर जुळला नाही म्हणजे लगेच फसवणूक झाली असंही नाही. जुनी हस्तलिखित आरसी बुकं संगणकावर चढवताना १ चा ७ आणि ५ चा एस होऊ शकतो. एखादाच आकडा चुकला असेल, तर ती कारकुनी चूक असू शकते, आरटीओत अर्ज करून ती दुरुस्त होते. अख्खा नंबरच वेगळा असेल, तर मात्र इंजिन बदललेलं आहे.

कोणतं इंजिन बसवलंय, ते सीसीवरून कळतं. पद्मिनी म्हणजे आपली फियाटच, प्रीमियर कंपनीची; तिचं मूळ पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान इंजिन ११७१ सीसीचं, आणि तेही पद्मिनीत बसवलेलं सापडतं. अँबॅसॅडरचं इंजिन बसवलेलं असेल, तर तिच्यात आधी १४८९ सीसी होतं, नंतर इसुझूचं १८१७ सीसी आलं. डिझेलची धडधड ऐकली की लगेच बोंब मारू नका, कंपनीने १३७डी ही डिझेल पद्मिनी स्वतःच काढली होती. फ्लोअर गिअरही पुरावा नाही, शेवटच्या काळात पद्मिनीचं एस-१ मॉडेल त्याच गिअरचं यायचं. खरी चुगली माउंटिंग, म्हणजे इंजिन जिथे बोल्टने बसवतात ती जागा, करते. गाडीखाली वाका. क्रॉस मेंबरवर (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीवर) गॅसकटरच्या खुणा आणि घरगुती वेल्डिंग करून लावलेला लोखंडी अँगल दिसला, तर ते काम कारखान्यातलं नाही.

सगळ्यात वाईट सल्ला मिळतो तो एजंटकडून: "नंबर पंच करून देतो," म्हणजे आरसीतला नंबर ब्लॉकवर ठोकून देतो. अजिबात नको. साधी कागदाची भानगड त्याने फौजदारी होते. आत असलेलं इंजिन घाईघाईने भंगारात घालणंही चूकच. ते चोरीच्या गाडीचं नाही ना, हे आधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर तपासा, आणि मालकाकडे इंजिन खरेदीचं बिल मागा. बिल असलेलं, नीट बसवलेलं इंजिन मला मूळच्या खिळखिळ्या इंजिनापेक्षा परवडतं. बिल नसेल तर ते कितीही गोड चालो, नको.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदीशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. त्याच मेकचं, त्याच इंधनाचं इंजिन असेल तर नोंद होणं तुलनेने सोपं. पेट्रोलच्या जागी डिझेल असेल, तर दमछाक होईल.

गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर हिशेबच वेगळा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी वीस हजार रुपयांत दहा वर्षांसाठी होते, पण इंजिनासकट गाडी मूळ स्वरूपात हवी. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. अशा गाडीला परकं इंजिन असेल, तर विकणाऱ्याने 'व्हिंटेज' म्हणून सांगितलेला भाव देऊ नका.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करायची घाई करू नका. गाडी एमएच-०४ ची असो वा एमएच-४३ ची, इंजिनाची नोंद आधी जुन्या मालकाने स्वतःच्या नावावर करून घ्यायची, मगच ट्रान्सफर आणि उरलेले पैसे. तो तयार नसेल, तर टोकन परत मागा.