काळ्या मातीच्या अंगणात झाड लावताना

मराठवाड्यात अंगणातलं झाड वैशाखात वाळलं की आपण उन्हाला दोष देतो. पुष्कळदा ते आदल्या भादव्यातच गेलेलं असतं. काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे हौद. पाणी मुरत नाही, मुळ्या सडतात आणि उन्हाळ्यात फक्त फांद्या उघड्या पडतात.

म्हणून आधी जमीन बघा. एप्रिल-मेमध्ये तीन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन महिनाभर तापू द्या. मग त्यात फूटभर पाणी ओता. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेलं दिसलं तर सपाट जागी लावू नका, दीड फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद मातीचा ओटा करून त्यावर लावा. खाली मुरूम लागला तर उलट काम: खड्ड्यात बाहेरून गाळाची माती आणून भरा. भरताना दोन-तीन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण टाकलं की वाळवी आलीच.

झाड कोणतं? मुरमाड, उथळ जागेला सीताफळ. बीड-बालाघाटच्या माळावर ते कसं तगतं हे सगळ्यांना माहीत आहे. निचऱ्याच्या जागी केसर आंबा. सावलीला कडुनिंब, पण भिंतीपासून वीस फूट लांब: मोठं झाड पायाखालच्या काळ्या मातीतला ओलावा ओढतं, माती आकसते आणि भिंतीला तडा जातो. शेवगा लवकर येतो, वाऱ्यात तितक्याच लवकर मोडतो. चुनखडीच्या जमिनीत लिंबाची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असतं, चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यावर लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), संध्याकाळी फवारा.

रोप मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओली पण चिखल नसलेली झाल्यावर लावा. चिखलात लावलं तर पायाने दाबलेली माती वाळून वीट होते. पिशवी ब्लेडने उभी चिरा, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू देऊ नका. तळाशी गोल गुंडाळलेल्या मुळ्या कापून टाका. आंब्याच्या कलमाचा जोड, म्हणजे गावरान खुंटावर केसर जोडलेली जागा, जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर वरचं केसर दबतं आणि खालची गावरान कोय वाढत बसते. जोडाची प्लॅस्टिक पट्टी सोडायला विसरू नका, ती खोडाला करकचते.

पहिले दोन उन्हाळे जपायचे. खोडापासून दीड फुटावर दहा लिटरचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, तळाच्या भोकात सुती वात घाला, वर झाकण. तीन-चार दिवसांनी भरा. बोअरच्या क्षारांनी वात चोंदते, ती अधूनमधून बदला. बुडाशी सोयाबीनचं भुसकट किंवा तुराट्यांचे तुकडे चार बोटं जाड पसरा, खोडाला न टेकवता. आच्छादन नसेल तर जमीन उलते आणि भेगेबरोबर बारीक मुळ्या तटातट तुटतात. पावसाळ्यात मात्र बुडाभोवतीचं पाण्याचं आळं मोडून पाण्याला वाट करून द्या.

आंब्याला पहिली तीन वर्षं मोहोर आला तर तो खुडून टाका.