विज्ञानाचा दावा तपासायचा कसा: शोधनिबंध, लोकप्रिय लेख आणि बिनबुडाचा मजकूर

‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असं वाचलं की आधी विचारा: कोणतं संशोधन? मजकुरात नियतकालिकाचं नाव, वर्ष, संशोधक किंवा संस्था यांपैकी काही सापडतं का ते बघा. नुसतं ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असेल, तर दावा कदाचित खरा निघेलही, पण तो मजकूर पुरावा म्हणून चालणार नाही.

माग लागला तर मुळापर्यंत जा. बहुतेक शोधनिबंधांना डीओआय हा कायमचा क्रमांक असतो. त्याची सुरुवात १० ने होते. डीओआय डॉट ऑर्गवर तो टाकला की मूळ पान उघडतं. क्रमांक नसेल तर शीर्षक गूगल स्कॉलरवर शोधा, वैद्यकीय विषय असेल तर पबमेडवर. पान पैसे मागत असेल तर स्कॉलरवर त्याच निबंधाच्या इतर आवृत्त्या बघा. पुष्कळदा मोफत प्रत मिळते. एआयने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून बघाच. नियतकालिक खरं, लेखकही खरे, पण असा निबंध कधी लिहिलाच गेला नाही, असं घडतं.

निबंध मिळाला की सारांशावर थांबू नका. कार्यपद्धतीचा भाग काढा आणि चार गोष्टी टिपा: प्रयोग कशावर केला (पेशी, उंदीर की माणसं), संख्या किती, तुलनेसाठी दुसरा गट होता का, आणि किती काळ निरीक्षण केलं. मग शेवटाकडे जाऊन मर्यादा, निधी आणि हितसंबंध वाचा. लोकप्रिय लेखांची गफलत बहुधा इथेच उघडी पडते: निबंधातला उंदीर मथळ्यात येईपर्यंत माणूस झालेला असतो.

आकड्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. एखाद्या गटात १०० पैकी ५ जणांना हा रोग होत असेल, तर ती संख्या ६ च्या जवळ जाते. २३ होत नाही. याच मांसाला संस्थेने तंबाखूच्या गटात ठेवलं, तेव्हा ‘मांस सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे झळकले. वास्तविक तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. म्हणून टक्केवारी दिसली की ‘कशाच्या किती टक्के?’ हे विचारायलाच हवं.

चांगला लोकप्रिय लेख मात्र कमी लेखू नका. अभ्यासात सहभागी नसलेल्या तज्ज्ञाचं मत घेणारा, मूळ निबंधाचा दुवा देणारा आणि ‘हे अजून उंदरांवरच आहे’ असं स्पष्ट सांगणारा लेख नवख्या वाचकाला निबंधापेक्षा जास्त समजावतो. दोन ठिकाणी शब्दन् शब्द सारखी वाक्यं दिसली, तर दोन्हीकडे बहुधा एकच प्रसिद्धिपत्रक उतरवलेलं असतं. ते दोन स्रोत नव्हेत, एकच.

दाव्याखालीच औषध विकायला ठेवलंय, पुराव्याऐवजी ‘अनुभव’ छापलेत, ‘डॉक्टर हे लपवतात’ असा सूर आहे: तिथे फार वेळ घालवू नका.

अभ्यासपूर्ण दिसणाऱ्या स्रोतांकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीचा मसुदा. ती तपासणी झाली तरी परीक्षक निबंध वाचतात, प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. काही नियतकालिकं तर शुल्क घेऊन काहीही छापतात. ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या २०१३ च्या पडताळणीत ढोबळ चुका पेरलेला बनावट निबंध ३०४ मुक्त (कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला गेला, १५७ जणांनी तो स्वीकारला.

नामांकित नियतकालिकही चुकतं. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा १२ मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये १९९८ साली आला आणि २०१० मध्ये मागे घेतला गेला. त्यामुळे संदर्भ देण्याआधी नियतकालिकाच्या मूळ पानावर ‘रिट्रॅक्टेड’ (मागे घेतलेला) असा शेरा आहे का ते बघा, शिवाय मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या मोफत यादीत शीर्षक शोधा. इतरत्र साठवलेल्या जुन्या पीडीएफवर तो शेरा नसतो.