जीवनदृष्टी चाचणीचा निकाल कसा वाचावा: शब्बाथ शाळेच्या (चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गाच्या) शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

निकालाचा कागद हातात आला की घरात पहिला प्रश्न येतो, "किती पडले?" घोळ तिथूनच सुरू होतो. मुलाची मते बायबलच्या विचाराशी किती जुळतात हे विधानांवरच्या सहमती-असहमतीतून मोजणारी ही चाचणी. अमेरिकेतली 'पीअर्स' त्यातलीच एक; ती −१०० ते +१०० अशा पट्टीवर गुण देते. दहावीला ३५ म्हणजे काठावर पास. इथे ३५ म्हणजे मधल्या रेषेच्या चांगलेच वर. शून्य म्हणजे नापास नव्हे, अनुकूल आणि प्रतिकूल उत्तरे सारख्याला सारखी झाली एवढेच. ७० पासून वर 'बायबलनिष्ठ', ३० ते ६९ 'मध्यम ख्रिस्ती', ० ते २९ 'सेक्युलर ह्युमॅनिस्ट' (देवाऐवजी माणसाला केंद्र मानणारा) आणि शून्याखाली 'सोशलिस्ट', अशी त्या पट्ट्यांची नावे आहेत. मुलाला ही नावे चिकटवू नका. मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, गुण वाचून दाखवणे तर नकोच.

एकूण गुण बाजूला ठेवा आणि पाच गटांचे गुण पाहा: राजकारण, अर्थकारण, शिक्षण, धर्म, समाजजीवन. धर्मात ८० आणि अर्थकारणात १० असलेल्या मुलाची सरासरी फारसे काही सांगत नाही.

गटाचा आकडाही फसवतो. समजा एका गटात १४ विधाने आहेत आणि पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंतच्या पाच पर्यायांना +२ ते −२ गुण आहेत (विधानच उलट असेल तर गुणही उलटे). कमाल २८. तीन मुलांना १४ मिळाले, म्हणजे तिघांनाही ५०. पहिल्याने चौदाही ठिकाणी गुळमुळीत 'बहुतेक सहमत' धरले. दुसऱ्याने सात ठाम बरोबर दिली आणि सात ठिकाणी 'मत नाही'. तिसऱ्याने दहा ठाम बरोबर, तीन ठाम उलट, एक कोरे. पहिल्याला विषय उलगडून सांगायला हवा, दुसऱ्याला बहुधा वाक्येच कळलेली नाहीत, तिसऱ्याशी त्या तीन मुद्द्यांवर बसून बोलायला हवे. म्हणून उत्तरपत्रिका मागून घ्या. नुसत्या आकड्यावर शिकवणी आखता येत नाही.

आता वजा गुणांची उत्तरे वेगळी काढा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा.

पहिली खूण, वाक्य चुकीचे वाचले. सोलापुरात घरात तेलुगू किंवा कन्नड, मंडळीत मराठी आणि चाचणी इंग्रजीत, असे सर्रास असते. 'नाही' असलेल्या विधानाला 'असहमत' म्हणताना मोठी माणसेही अडखळतात. मुलाला विचारा, "हे तुझ्या शब्दांत सांग." अर्थ उलटा निघाला तर ते उत्तर हिशोबातून काढून टाका. तोंडी भाषांतर करून देत असाल तर आवाजावरून 'बरोबर' उत्तर कळणार नाही याची काळजी घ्या. पाळकांच्या किंवा शिक्षकांच्या तोंडाकडे बघून उत्तर देण्यात मुले पटाईत असतात.

दुसरी खूण, वाद दुसऱ्या देशातला. चाचणीचा कल अमेरिकेतल्या परंपरावादी प्रोटेस्टंट विचाराकडे आहे: सरकारचा हात आखडता, बाजार मोकळा, शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांची. विडी वळणाऱ्या किंवा यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातला मुलगा रेशन आणि सरकारी शाळा पाहतच मोठा होतो. त्याने 'सरकारने गरिबांना आधार द्यावा' याला होकार दिला म्हणजे विश्वास डळमळला असे नाही. त्याच्यापुढे दोन्ही बाजूंची वचने ठेवा: लेवीय १९:९-१० मधले शेतात मागे ठेवायचे धान्य, प्रेषितांची कृत्ये ४:३२-३५ मधली वाटणी, आणि २ थेस्सल. ३:१० मधली 'काम नाही तर खाणे नाही' ही ताकीद. या गटात गुण कमी आहेत म्हणून घाबरून जाण्यात अर्थ नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसरी खूण, खरोखरचा मतभेद. 'माणूस मुळात चांगलाच, परिस्थिती त्याला बिघडवते' याला पूर्ण सहमती आली, तर रोम ३:२३ वर शांतपणे बसावे लागेल. धर्माच्या गटात मात्र आणखी एक चाळणी लावा. शेजारचे लोक संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (जत्रेला) जाणारे, आणि विधान इतर धर्मांबद्दलचे. मूल निव्वळ सभ्यतेने नरम पर्याय निवडते. तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: तारणाबद्दल (पापापासून सुटकेबद्दल) तुला काय वाटते, आणि शेजाऱ्याशी कसे वागावे?

वरच्या गुणांचीही झडती घ्या. ८५ मिळवणाऱ्याला पाच विधाने निवडून "का?" विचारा. वचन आणि कारण दोन्ही आले तर ठीक. नुसते "असेच शिकवलंय" आले तर ते पाठांतर. चाचणी मत मोजते, वागणूक किंवा भक्ती नाही.

मुलाशी बोलणे २० मिनिटांत आटोपते घ्या, एका बैठकीत तीनच विधाने, आणि भक्तीनंतर पोटात कावळे ओरडत असताना नको. पुन्हा चाचणी घ्यायची तर सहा महिने तरी जाऊ द्या आणि भाषा तीच ठेवा. वरच्या हिशोबाने एक उत्तर एका पायरीने सरकले तर गटाचे गुण सुमारे ३.६ ने बदलतात, आणि एक ठाम उत्तर पूर्ण उलटले तर १४ ने. तेव्हा गटात पाच-सात गुणांची वाढ दिसली म्हणून पेढे वाटू नका, घट दिसली म्हणून शब्बाथ शाळेलाही धारेवर धरू नका; कोणते उत्तर हलले ते आधी शोधा.