जुन्या फियाटला रंग कोणता लावायचा?

माझं रंगकामाचं गॅरेज कोल्हापुरात, उद्यमनगरात आहे. जुनी पद्मिनी घेऊन येणारा मालक आधी शेडचंच विचारतो, क्रीम करू की आकाशी? शेड सगळ्यात शेवटी. आधी गाडीच्या अंगावर काय आहे ते बघायचं.

पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं, त्याआधीची फियाट अकराशे. कुठलीही असो, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाल्यावर तिच्यावर कुणी कुणी हात मारला, हे मालकाला क्वचितच माहीत असतं. म्हणून पांढरी सुती चिंधी एनसी थिनरमध्ये, म्हणजे ड्यूको रंग पातळ करायच्या द्रवात बुडवा आणि बॉनेटच्या कडेला मिनिटभर दाबून धरा. रंग विरघळून चिंधीला आला तर तो ड्यूको, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. फुगून सुरकुत्या पडल्या तर सिंथेटिक इनॅमल. ढिम्म काही झालं नाही तर कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग, नाहीतर नंतरचा टूके पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून कडक होणारा रंग. डिकीच्या आतूनही असंच करून बघा. बाहेरून नवा आणि आतून जुना, अशा गाड्या पुष्कळ येतात.

एवढा खटाटोप कशासाठी? सिंथेटिकवर ड्यूको किंवा टूके मारला की वरच्या रंगाचा थिनर खालचा थर उचलतो. काल गुळगुळीत दिसलेला दरवाजा आज सायीसारखा आकसलेला असतो. खाली सिंथेटिक किंवा ड्यूको निघाला, किंवा थरावर थर चढलेले असले, तर मी सरळ पत्र्यापर्यंत खरवडायला सांगतो. खर्च वाढतो, पण चाकाच्या कमानी आणि दरवाज्यांच्या तळाचा गंजही तेव्हाच उघडा पडतो. उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही, आमच्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, त्यावर खड्डे भरायची लांबी, मग अस्तर. अ‍ॅसिडवाल्या एचिंग प्रायमरवर थेट लांबी भरू देऊ नका, ती सुटते.

आता वरचा रंग. ड्यूको झटपट वाळतो, घासून सुंदर चमकतो, जुन्या गाडीला शोभतोही. पण पेट्रोल सांडलं की डाग पडतो आणि दमट हवेत मारला तर पांढुरका धुरकटपणा येतो. गाडी प्रदर्शनापुरती बाहेर काढणार असाल तर घ्या, आणि काम पावसाळ्याआधी उरका. सिंथेटिक स्वस्त पडतो, पण पूर्ण कडक व्हायला वेळ घेतो आणि तोवर प्रत्येक धूलिकण त्यावर मुक्कामाला येतो.

गाडी रस्त्यावर चालवणार असाल तर माझा कौल टूके पीयूला, तोही एकाच टप्प्याचा साधा रंग, वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चमकीचा थर न मारता. क्लिअरची काचेसारखी चमक नव्या गाडीला ठीक. फियाटच्या गोलसर मडगार्डवर ती प्लास्टिकची वाटते. शिवाय साध्या रंगावर ओरखडा आला तर कंपाउंडने, म्हणजे पॉलिशच्या पेस्टने घासून निभावता येतं. मेटॅलिकचा हट्ट तर धरूच नका. एका दरवाज्याचा डाग मिटवायला शेजारच्या पॅनेलवरही गन फिरवावी लागते.

टूके घरच्या अंगणात मात्र मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते दम्याला निमंत्रण आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यापुढे काही कामाचा नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क पेंटरकडे आहे का, हे काम देण्याआधी विचारा.

आता शेड. मूळ रंग शोधायचा तर दरवाज्याच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे किंवा दरवाज्याच्या आतल्या पुठ्ठ्याखाली बघा, तिथे ऊन पोचत नाही. सापडलेला तुकडा कंपाउंडने हलकाच घासा, म्हणजे वरचा मळ निघून खरा रंग दिसेल. तोच मिक्सिंगच्या दुकानात दाखवायचा, छपरावरचा उडालेला नाही. मिळालेला रंग पत्र्याच्या तुकड्यावर गनने मारून पूर्ण वाळू द्या आणि दुपारच्या उन्हात, मग ट्यूबलाइटखाली मूळ रंगाशेजारी धरा. उन्हात जुळलेली शेड दिव्याखाली वेगळी दिसू शकते. काळा आणि गडद रंग पत्र्याची प्रत्येक लाट दाखवतो. लांबी जास्त भरली असेल तर फिकट शेड बरी.

आरसी बुकापेक्षा वेगळा रंग देणार असाल तर आरटीओत नोंद करावी लागते. आणि गाडी पन्नास वर्षांपुढची असेल, तर 2021 च्या नियमांनुसार तिला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळू शकतो. त्यासाठी ती मूळ रूपात हवी, म्हणून भलती शेड देण्याआधी दोनदा विचार करा.

रंग एकाच वेळी, एकाच मिक्सिंगचा घ्या आणि अर्धा लिटर पुढच्या टचअपसाठी ठेवा. डब्यावर फॉर्म्युल्याची चिठ्ठी चिकटवा. हार्डनर मात्र साठवू नका. एकदा उघडला की हवेतल्या ओलाव्याने खराब होतो, टचअपच्या वेळी नवाच घ्यायचा.