झाडावर नोटीस लागली तर हरकत कशी घ्यायची

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, चिंचेच्या सावलीत. मागं शेजारच्या गल्लीतल्या झाडावर तोडायची नोटीस लागली, तेव्हा मी दोन पानी अर्ज लिहिला. झाड म्हणजे देव, झाड म्हणजे आई, सगळं घातलं. पोच घेतली नाही. आठ दिवसांनी विचारायला गेले तर, ‘असा अर्जच नाही आला, ताई.’ झाड गेलं.

आता नोटीस दिसली की आधी फोटो काढते. हरकतीची मुदत त्यातच बघायची. मग माप. जमिनीपासून ५४ इंचांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर घ्यायचा. सरावाला आमची चिंच घेतली. माझा टेप ६० इंची, पुरला नाही. मग परकराची नाडी गुंडाळली, जुळली तिथं गाठ मारली आणि काउंटरवर पसरून मोजली: १०२ इंच. नाडी तिरकी गेली की घेर फुगतो, म्हणून पलीकडच्या बाजूला एक पोरगं उभं करा.

वय महत्त्वाचं. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज, आणि तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. आपल्याकडं प्रत्येक जुनं झाड शाहू महाराजांनीच लावलेलं असतंय! ते अर्जात नको. कुणाच्या तरी लग्नाचा जुना फोटो शोधा, ज्यात मांडवामागं झाड दिसतंय.

पैशात सांगायचं तर सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या समितीनं २०२१ मध्ये झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली, त्यातले ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. साठ वर्षांचं झाड ४४ लाख ७० हजारांचं. हा कायदा नव्हे, समितीचा हिशेब आहे, तसंच लिहा. मला तो अर्धाच वाटतो. सावलीत शेंगा विकणाऱ्या मावशीचं काय? म्हणून तीन दिवस दुपारी एक ते चार मोजायचं: भाजीवाल्या किती, रिक्षावाले किती, कट्ट्यावरची म्हातारी माणसं किती. उन्हातल्या गाडीच्या सीटवर हात टेकवत नाही, सावलीतल्या सीटवर माणूस झोपतो, हेही लिहा.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे, एका पानात, दोन प्रती. आपल्या प्रतीवर तारीख, आवक नंबर, शिक्का. शिक्का पुसट उठला तर परत मारून मागा. वैतागतात. वैतागू देत.