ब्रेकच्या पाइपाला हात घालण्याआधी

फ्लेअरिंग टूल, म्हणजे पाइपाचं तोंड फुलवायचं अवजार, मी सगळ्यात आधी विकत घेतलं, आणि चूक तिथेच झाली. आयटीआयचं दुसरं वर्ष चालू होतं. घरच्या जुन्या मारुती ८००चा मागचा ब्रेक पाइप गंजून पाझरत होता. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे नवीन नाही. मासळी वाहणाऱ्या टेम्पोंचे पाइप तर बर्फाच्या खारट पाण्याने त्याहून लवकर जातात. फ्रिजवाल्यांकडे मिळतो तसला स्वस्तातला सेट आणला, पाइपाचं तोंड फुलवलं, नट आवळला. पेडल दाबलं तर जॉइंटमधून ब्रेक ऑइलची बारीक धार उडाली.

ज्यांच्या गॅरेजात मी सुट्टीत जायचो त्या मामांनी पाइप काढला आणि तोंडावरून नख फिरवलं. "अरे, ही एकेरी घडी. एसीच्या पाइपाला चालते. इथे पत्रा दुमडून दुहेरी लागतो. आणि ही बघ चीर."

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी गाडीतला जुना नट हातात घ्यायचा, मग टूल शोधायचं. जपानी घराण्यातल्या गाड्यांना, म्हणजे मारुतीलाही, साधारणपणे दुहेरी फ्लेअर असतो: तोंड आतल्या बाजूला दुमडलेलं, नटाचं टोक निमुळतं आणि समोरच्या भागात वर आलेला शंकू. युरोपीय गाड्यांत बहुधा बबल फ्लेअर, म्हणजे गोल फुगा. त्याच्या नटाचं टोक सपाट आणि समोर खोलगट बैठक. दोन्हींच्या नटाचे आटे एम१० × १.० (व्यास १० मिमी, आट्यांमधलं अंतर १ मिमी) असू शकतात, त्यामुळे चुकीचा नटही गुमान आत फिरतो. फसगत होते ती इथेच. दुहेरी फ्लेअर करताना पहिल्या दाबाला तोंड फुग्यासारखंच दिसतं, म्हणून तिथेच थांबून 'झाला बबल' म्हणू नका. दोन्हींचे आकार वेगळे आहेत.

पाइप बहुतेक गाड्यांना ४.७५ मिमीचा, म्हणजे ३/१६ इंची. शिकताना तांबं-निकेल मिश्रधातूचा घ्या: हाताने वाकतो, गंजत नाही, फ्लेअर सहज बसतो. तो फ्रिजच्या तांब्याच्या नळीसारखाच दिसतो, पण निव्वळ तांबं कंपनाने कडक होऊन चिरतं. ती नळी ब्रेकला कधीच नको. फेरूलचे, म्हणजे पाइपावर कडी आवळून बसवायचे, कॉम्प्रेशन जॉइंटही नकोत. टेफ्लॉन टेप तर नकोच. इथे गळती आटे थांबवत नाहीत, धातूवर धातू दाबून बसतो म्हणून ती थांबते.

पान्यावर मात्र पैसे खर्च करा. साधा ओपन पाना नटाच्या दोनच बाजू धरतो आणि गंजलेला नट गोल करून टाकतो. फ्लेअर नटचा पाना, म्हणजे पाइप आत सरकण्यापुरती फट असलेला रिंग पाना, जवळजवळ सगळ्या बाजू धरतो. जपानी नटांना बहुधा १० मिमीचा लागतो, युरोपीयांना ११ चा. पाइप बदलायचाच असेल तर एक युक्ती: नटाजवळ पाइप कापून टाका आणि सहा कोनी सॉकेट सरळ वरून बसवा. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारलेलं असलं तर अजून बरं.

कापायला हॅक्सॉ नको, पाइप कटर. हॅक्सॉचा काप तिरका येतो आणि किस आत पडतो; तो ब्रेक सिलिंडरच्या रबरापर्यंत जातो. कापल्यावर आतली धार काढा, तोंड पुसा आणि फ्लेअर करण्याआधी नट ओवा. हे मी तीनदा विसरलो आहे. तिसऱ्यांदा मामा बोलले नाहीत, फक्त चहा मागवला. गाडीच्या पाइपाआधी दहा-बारा फ्लेअर भंगार तुकड्यांवर करा, एखादा उभा चिरून बघा.

ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलं असेल तेच घ्यायचं, डॉट ३ किंवा डॉट ४. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून वर्षभर उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी नको. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. आमच्या मडगार्डवर अजून चार बोटांचा डाग आहे. बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून ऑइल जातं तो पोकळ बोल्ट, उघडला की तांब्याचे वॉशर नवे.

पाइप बसवून ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढून झाली की इंजिन चालू ठेवून कोणाला तरी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला लावा आणि प्रत्येक जॉइंट कोरड्या कागदाने पुसा. ओल आली तर नट जीव खाऊन आवळू नका. सैल करून दोन-तीनदा बसवा. तरी ओल येत असेल तर तोंड कापून नव्याने करा. पहिला फेरा रिकाम्या मैदानात, चालण्याच्या वेगाने, तोही जाणत्याने काम तपासल्यावर.

माझ्या दुसऱ्या पाइपानंतर रात्री गाडीखाली पुठ्ठा घातला होता. सकाळी त्यावर एक डाग. पोटात गोळा आला. बोट लावून बघितलं तर काळा, इंजिन ऑइलचा. ते काम पुढच्या रविवारी.