युरोपीय साम्राज्यविस्ताराची कारणे आणि परिणाम कसे मांडावेत

‘औद्योगिक युगातील युरोपीय साम्राज्यविस्ताराची कारणे व परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न पदवी परीक्षेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सगळीकडे भेटतो, आणि त्याची उत्तरेही बहुधा एकाच साच्यातली असतात: कच्च्या मालाची गरज, बाजारपेठेचा शोध, अतिरिक्त भांडवल, राष्ट्रांमधील चढाओढ, धर्मप्रसार. यांतले एकही कारण खोटे नाही. पण ही यादी कोणत्याही प्रदेशाला आणि कोणत्याही वर्षाला लावता येते, म्हणून तिने काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा एखादी वस्तू निवडावी आणि ती दोन-तीन प्रदेशांत काय घडवते ते पाहावे. येथे कापूस घेतला आहे, कारण तो इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या, इजिप्तची तिजोरी आणि वऱ्हाडातली काळी जमीन यांना एकत्र आणतो.

पहिले काम सनावळी लिहून काढण्याचे. १८५३ साली एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे धावली आणि मे महिन्यात निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी रेल्वेचा फाटा सुरू झाला. एवढे कागदावर आले की एक नेहमीचा गोंधळ आपोआप मिटतो. अमेरिकेतील युद्धामुळे कापूस मिळेनासा झाला म्हणून इंग्रजांनी वऱ्हाड घेतला, असे लिहिता येत नाही. ताबा आधी आला आणि टंचाई आठ वर्षांनी. वऱ्हाड घेण्याचे अधिकृत कारण हैदराबाद कंटिंजेंट या निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी हे होते. अमेरिकेवरचे अवलंबित्व कमी व्हावे ही लँकेशायरची इच्छा मात्र त्याआधीपासूनच होती. म्हणून निमित्त आणि हितसंबंध ही दोन्ही नोंदवावीत, पण वेगवेगळ्या वाक्यांत. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

दुसरे काम साधने आणि कारणे वेगळी ठेवण्याचे. आगबोट, तारायंत्र, हिवतापावरचे औषध क्विनाईन, १८८४ मधली मॅक्सिम मशीनगन यांमुळे विस्तार स्वस्त आणि शक्य झाला. तो करावासा का वाटला, हे त्यांतून कळत नाही. रेल्वेचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. भारतातील लोहमार्ग बांधणाऱ्या कंपन्यांना गुंतवलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी होती आणि तूट पडल्यास ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. म्हणजे रेल्वे हे साधन तर होतेच, शिवाय ब्रिटिश गुंतवणूकदाराला बिनधोक परतावा देणारी व्यवस्थाही होती. ‘अतिरिक्त भांडवल’ हा मुद्दा लिहायचा असेल तर तो या हमीच्या आधाराने लिहावा. तो लगेच ठोस होतो.

आता इजिप्तकडे वळावे, कारण एका घटनेचा परिणाम पुढच्या घटनेचे कारण कसा होतो हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला, इजिप्तच्या कापसाचे भाव चढले आणि त्याच तेजीत, १८६३ मध्ये, इस्माईल सत्तेवर आला. वाढत्या उत्पन्नाच्या भरवशावर त्याने कालवे, लोहमार्ग, राजवाडे यांसाठी युरोपीय पेढ्यांकडून मोठी कर्जे काढली. १८६५ नंतर भाव उतरले; कर्ज मात्र उतरले नाही. १८७५ मध्ये त्याला सुएझ कंपनीतील आपले शेअर विकावे लागले आणि ब्रिटिश सरकारने ते सुमारे ४० लाख पौंडांना घेतले. पुढच्याच वर्षी कर्जवसुलीसाठी धनको राष्ट्रांच्या प्रतिनिधींचा आयोग बसला आणि अर्थव्यवहारावर परकी देखरेख आली. तिच्याविरुद्धचा असंतोष इजिप्तचा लष्करी अधिकारी अरबी (उराबी) पाशा याच्या नेतृत्वाखाली उसळला, तेव्हा १८८२ मध्ये ब्रिटनने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि देश व्यापला. या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या, ही गोष्ट उत्तरात जरूर यावी: एक वसाहत दुसरी मिळवण्यासाठी वापरली गेली. ‘बाजारपेठेचा शोध’ या दोन शब्दांत ही साखळी मावत नाही.

परिणाम लिहिताना प्रत्येक वाक्याला ‘कोणावर’ हा प्रश्न विचारावा. ‘शेतीचे व्यापारीकरण झाले’ हे वाक्य तसेच सोडले तर ते निर्जीव राहते. वऱ्हाडात कापसाच्या तेजीत आडते, दलाल, सावकार आणि मुंबईचे निर्यातदार यांच्या हाती पैसा खेळला. मुंबईत तर शेअरांचा सट्टा इतका फुगला की १८६५ मध्ये शांतता होताच बँका आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या कोसळल्या. शेतकऱ्याचा सारा रोखीत होता आणि भाव इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात ठरत होता, त्यामुळे मंदीचा भार त्याच्यापर्यंत हमखास पोचे, तेजीचा नफा तितका नाही.

येथे एक सावधगिरी बाळगावी. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले आणि शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. कापसाची मंदी आणि हे दंगे यांची थेट जोडी लावण्याचा मोह होतो. पण पुणे आणि नगर जिल्ह्यांचा दंगेग्रस्त भाग हा वऱ्हाडासारखा कापसाचा मुलूख नव्हता. वाढीव साराआकारणी, उतरलेले भाव, आखडलेले कर्ज आणि दिवाणी न्यायालयात सावकाराला मिळणारे झुकते माप ही कारणे एकत्र ठेवावीत, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा या दंग्यांचा राजकीय परिणाम म्हणून सांगावा.

उद्योगांवरील परिणामांतही सरसकट विधान टाळावे. हातमागाच्या पडझडीबरोबरच मुंबईत १८५४ पासून देशी भांडवलाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. हे साम्राज्याचे औदार्य नव्हते, याचा पुरावा करांत सापडतो: १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवताना तेवढाच उत्पादन-कर हिंदी गिरण्यांच्या कापडावरही बसवण्यात आला.

शेवटी मांडणी विरोधी उदाहरणांवर घासून पाहावी. काँगोचे रबर हे याचे उत्तम उदाहरण. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी ताब्याला १८८५ मध्ये मान्यता मिळाली; हवा भरलेले टायर १८८८ नंतर प्रचारात आले. म्हणजे रबराची मागणी हे काँगो घेण्याचे कारण नव्हे. सक्तीची रबरवसुली, ओलीस ठेवलेली कुटुंबे आणि तोडलेले हात या अत्याचारांचे ते कारण आहे, आणि त्यांच्याविरुद्धच्या ओरडीमुळेच १९०८ मध्ये बेल्जियमला तो प्रदेश राजाकडून काढून घ्यावा लागला. दुसरे उदाहरण इथिओपियाचे: १८९६ मध्ये अडवा येथे सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा पराभव केला, तोही बव्हंशी युरोपातूनच मिळवलेल्या बंदुकांनी. शस्त्रांच्या श्रेष्ठतेवर सगळे उत्तर उभारणाऱ्याने या लढाईचा हिशेब द्यायला हवा.

शब्दमर्यादा अपुरी पडली तर १८८४-८५ ची बर्लिन परिषद एका वाक्यात आटोपावी. तिथे आफ्रिकेचा नकाशा टेबलावर कापला गेला ही समजूत लोकप्रिय असली तरी परिषदेने मुख्यतः काँगो व नायजर नद्यांवरील व्यापार आणि किनाऱ्यावरील नव्या ताब्याचे नियम ठरवले. बहुतेक सीमा पुढे देशादेशांतील स्वतंत्र करारांनी आखल्या गेल्या. वाचलेली जागा इजिप्तच्या कर्जाला द्यावी.